गोळीचा जमाखर्च

दिवाळी अंकात माणसाने गोडधोड काहीतरी लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. संपादकांचे पत्र येते त्यातही "नेहमीचेच सदर, पण जरा सणासुदीचे" अशी सूचना न चुकता असते. यंदा ती सूचना मोडून मी एका गोळीविषयी लिहिणार आहे. वर्षभर या सदरात शेजारी, भाजीवाले आणि लग्नाची कार्यालये यांच्यावर तोंडसुख घेणाऱ्या माणसाला हा विषय कोठून सुचला, असे वाचकांना वाटेल. पण आमच्या घरची २०२२ सालची दिवाळी या गोळीपायी इस्पितळात गेली. आणि त्यात चूक गोळीची थोडी व माझी फार होती. तेव्हा हा लेख म्हणजे एका निवृत्त शाळामास्तराचा कबुलीजबाब समजावा.

त्या वर्षीच्या आषाढात सौ.च्या दंडावर एक काळानिळा डाग उमटला. विचारले तेव्हा म्हणाली, "कपाटाची कड लागली असेल." दोन दिवसांनी तसाच डाग मांडीवर, मग पोटरीवर. आमच्या घरात एवढी कपाटेही नाहीत! शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, त्यांची नजर त्या दंडावर गेली आणि तेथून ती माझ्यावर आली. चाळीस वर्षांच्या संसारात मी बायकोवर आवाज चढवला असेल, हात कधी उगारला नाही. पण त्या नजरेपुढे मी उगाचच वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. पुढे डॉक्टरबाईंकडे गेलो, तर त्यांनीही मला आधी बाहेर बसवले आणि सौ.ला एकटीला आत घेऊन विचारले, "घरात कोणी मारतं का?" तेव्हा मला राग आला होता. आज वाटते, बाईंनी आपले काम चोख केले.

तोवर पायांवर मोहरीएवढे तांबडे ठिपके उठले होते. बोटाने दाबले तरी ते फिके पडत नसत. रक्त तपासले, तेव्हा प्लेटलेटचा आकडा आला अकरा हजार.

प्लेटलेट हा शब्द डेंग्यूच्या कृपेने आता घराघरांत पोचला आहे. शाळेच्या पुस्तकात त्यांना आम्ही रक्तपट्टिका म्हणत असू. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात. हाडांच्या आतल्या मगजात जन्मतात, आठ-दहा दिवस जगतात, आणि कोठे बारीकशी नळी फुटली की तेथे जमून भोक बुजवतात. त्या फार कमी झाल्या की कपाटाची कड न लागताही डाग पडतात. आणि वाईट वेळ आली तर रक्तस्राव पोटात किंवा मेंदूतही होऊ शकतो.

सौ.ला ताप नव्हता, डेंग्यू नव्हता. एकामागून एक कारणे तपासून बाद केल्यावर रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी नाव सांगितले, इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, थोडक्यात आयटीपी. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या प्लेटलेटना परके समजू लागते, त्यांच्यावर खूण करते आणि मुख्यतः प्लीहेत त्यांचा नाश होतो. पहारेकऱ्यानेच घरच्या माणसांना चोर समजून धरावे, तसा हा प्रकार.

हे पहारेकऱ्याचे गणित उलगडायला एका डॉक्टराने आपला जीव धोक्यात घातला होता. अमेरिकेत सेंट लुइस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टराने अशा एका रोगी बाईचे रक्त स्वतःच्या शिरेत टोचून घेतले. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, अंगावर ठिपके उठले, त्याला झटकाही आला. काही दिवसांत तो सावरला आणि १९५१ साली त्याने हे काम प्रसिद्ध केले. दोष प्लेटलेटच्या कारखान्यात नसून रक्तात फिरणाऱ्या कशात तरी आहे, हे त्यामुळे कळले. तो दोष म्हणजेच पहारेकऱ्याची ती खूण. आमच्या नातेवाइकांनी आणलेला पपईच्या पानांचा रस, किवी आणि ड्रॅगनफ्रूट हे सारे या पहारेकऱ्यापुढे निरुपयोगी होते. डेंग्यूत ताप ओसरला की प्लेटलेट आपल्याआप चढतात आणि त्याचे श्रेय बरेचदा पानांना जाते. येथे ती सोय नाही.

पहिला उपाय स्टेरॉइडचा. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या रोज सकाळी न्याहारीनंतर. हे औषध पहारेकऱ्याला गुंगी आणते. दोन आठवड्यांत आकडा नव्वद हजारांवर गेला आणि मी सोसायटीच्या फाटकावर ज्याला त्याला तो आकडा सांगत सुटलो. घरात मात्र निराळेच घडत होते. सौ.ची झोप उडाली. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू येई, जाऊन पाहावे तो ही तांब्याचे हंडे चिंचेने घासते आहे. भूक अशी की जेवण झाल्यावर तासाभरात पुन्हा डबा उघडायची. चेहरा गोल होऊ लागला. आणि जी बाई चाळीस वर्षांत मला उलटून बोलली नव्हती, ती माझ्या चष्म्याच्या डबीवरून अर्धा तास भांडली. मी म्हणालो, "तुझा स्वभाव अलीकडे फार बिघडलाय." ती काही न बोलता आत गेली आणि रडत बसली.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी तिला विचारले, "झोप कशी आहे? चिडचिड होते का?" येथे आमच्या पिढीच्या नवऱ्यांची एक खोड सांगितली पाहिजे. डॉक्टराने बायकोला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देतो. मी म्हणालो, "छान आहे, काही त्रास नाही." बाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "तुम्ही सांगा," असे त्या पुन्हा सौ.ला म्हणाल्या. मग ती बोलू लागली आणि मला माझ्याच घरातल्या गोष्टी नव्याने कळल्या. निद्रानाश, भूक, गोल चेहरा, उगाच येणारे रडू आणि राग, हे सारे त्या गोळ्यांचे खाते होते. रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढणे, हाडे विरळ होणे, जंतुसंसर्ग लवकर जडणे, हेही त्याच खात्यात येते; म्हणून ही औषधे नेमकी लागतील तेवढेच दिवस द्यायची असतात. मात्र ती एकदम बंद करता येत नाहीत. बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, ते पुन्हा सुरू व्हायला अवधी द्यावा लागतो. म्हणून पायरी-पायरीने उतरायचे.

आम्ही पायऱ्या उतरू लागलो आणि प्लेटलेटही आमच्याबरोबर उतरल्या. गणपती घरात आले तेव्हा आकडा पुन्हा चौदा हजार होता. तेव्हा दुसरी गोळी आली. तिचे नाव एल्ट्रोम्बोपॅग. या लेखाची खरी नायिका हीच.

हिचा मार्ग निराळा. पहिली गोळी हंड्याचे भोक बुजवू पाहते, तर ही नळ मोठा सोडते. हाडांच्या मगजाला प्लेटलेट बनवण्याचा हुकूम देणारा एक पदार्थ शरीरात असतो. त्याची नेमकी ओळख १९९४ साली पटली, आणि त्याचेच काम करणारी ही गोळी २००८ साली अमेरिकेत मान्य झाली. भोक तसेच राहते, पण पाणी एवढे पडते की हंडा काही रिकामा होत नाही.

आता माझा पहिला पराक्रम ऐका. औषध जबर आहे असे कळल्यावर मी सौ.च्या शक्तीची काळजी वाहू लागलो. सकाळी नाचणीचे सत्त्व दुधात शिजवायचे, वर पेलाभर दूध, आणि त्याबरोबर गोळी. स्टेरॉइडने हाडे विरळ होऊ नयेत म्हणून दिलेली कॅल्शियमची गोळीही तेव्हाच, म्हणजे विसरायला नको. जळजळ होई म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेले आम्लपित्ताचे पांढरे पातळ औषध मी दोन चमचे स्वतःच्या हाताने पाजत असे. दोन आठवड्यांनी आकडा सतरा हजार! बाई डोस वाढवण्याच्या विचारात होत्या. तेवढ्यात त्यांनी विचारले, "गोळी कशाबरोबर घेता?" मी मोठ्या अभिमानाने सगळे सांगितले.

बाईंनी कपाळाला हात लावला नाही एवढेच. ही गोळी कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना पोटातच जाऊन चिकटते. मग ती रक्तात उतरत नाही. दुधादह्याच्या न्याहारीबरोबर घेतली तर निम्म्याहून अधिक औषध वाया जाते. आणि नाचणी तर आपल्या धान्यांत कॅल्शियमची खाण. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. गोळीबरोबरच्या खाण्यात ते पन्नास मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असा नियम. आम्लपित्ताच्या त्या पातळ औषधात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दोन्ही. थोडक्यात, पंधरा दिवस मी एका हाताने औषध देत होतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेत होतो. प्रेमाने देत होतो, हे खरे. पण पोटाला त्याचा काय उपयोग?

बरे, हे सारे सांगितले नव्हते म्हणावे, तर चिठ्ठीच्या मागे लिहिलेले होते. गोळीच्या आधी चार तास आणि नंतर दोन तास दूधदुभते, कॅल्शियम, लोह, आम्लपित्ताचे औषध नको. मी चिठ्ठीची पुढची बाजू वाचली होती.

मग पहाटे पाचाची वेळ ठरली. गोळी पाण्याबरोबर, सातपर्यंत लागलाच तर कोरा चहा, सत्त्व दुपारी चारला, कॅल्शियम रात्री. नवरात्रात आकडा बहात्तर हजार झाला. कोजागरीला सौ.ने मसाल्याचे दूध रात्री बाराच्या आधीच घेतले, म्हणजे पहाटेच्या गोळीपर्यंत पाच तास. त्याच आठवड्यात आकडा आला दोन लाख साठ हजार. मी पेढे घेऊन दवाखान्यात गेलो. बाईंनी पेढा घेतला आणि गोळीचा डोस कमी केला.

मला काही उमजेना. त्यांनी समजावले की या रोगात आपल्याला परीक्षेत पहिला नंबर काढायचा नाही. पन्नास हजारांच्या वर आकडा राहिला की रोजचे जगणे बहुधा सुखरूप चालते. औषधाने तो फार चढवला तर उलट गुठळीचे भय, पायाच्या शिरेत वा फुप्फुसात. सगळा जन्म मुलांना "अजून दोन गुण कसे राहिले?" असे विचारण्यात गेलेल्या मास्तराला हे पटायला वेळ लागला.

त्याच कागदावर आणखी एक आकडा होता. यकृताच्या तपासणीतला एसजीपीटी अठ्ठ्याऐंशी, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या सुमारे दुप्पट. बाई म्हणाल्या, "या गोळीने असं होऊ शकतं, म्हणून तर दर दोन आठवड्यांनी तपासतो. तिपटीच्या पुढे गेला आणि चढतच राहिला तर गोळी बंद करू. आता डोस कमी केलाय, पाहू या. घरी काढाबिढा काही घेत असलात तर तो मात्र थांबवा." काढा चालू होताच, माझ्या बहिणीने पाठवलेला गुळवेलीचा. यकृत बिघडल्यावर दोष कोणाचा हे कळायला हवे तर एका वेळी एकच संशयित असावा, एवढे मलाही समजले.

आता दुसरा पराक्रम, आणि हा सांगताना हात अडखळतो. आधी चिठ्ठीची मागची बाजू वाचली नव्हती, त्याची भरपाई म्हणून मी त्या रात्री गोळीच्या खोक्यातला घडीचा कागद उघडला. मुंगीच्या पावलाएवढी अक्षरे. भिंग घेतले आणि जन्माच्या सवयीप्रमाणे मोठ्याने वाचू लागलो. डोकेदुखी, मळमळ, जुलाब, थकवा. यकृताला इजा. रक्ताची गुठळी. मोतीबिंदू. प्रत्येक शब्द मी वर्गात वाचावा तसा ठासून वाचला. कोणता त्रास किती जणांना होतो, कोणता विरळा, कोणता तपासणीने आधीच कळतो, हे काही मी वाचले नाही. सौ. पोळ्या लाटत होती. ती काहीच बोलली नाही. तिचे डोके गेले आठ दिवस दुखत होते, हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी घेणे बंद केले. मला सांगितले नाही. पहाटे पाचाला उठे, पाणी पिई, गोळी पदराच्या गाठीत बांधे. डोके दुखायचे थांबले, म्हणून तिचीही खात्री पटत गेली.

वसुबारसेच्या सकाळी दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. ते थांबेना. पायांवर ठिपके, तोंडात आतून काळसर फोड. रक्त तपासले, आकडा सहा हजार. औषधाआधीच्याही खाली. नळ एकदम बंद केला आणि भोक तर तसेच होते! ही गोळी अचानक सोडली की पुढच्या काही आठवड्यांत प्लेटलेट पूर्वीहून खाली घसरू शकतात, हेही त्या घडीच्या कागदावर होते. मोतीबिंदूच्या पुढे माझे भिंग गेले नव्हते.

दवाखान्याच्या खोलीत तिने पदराची गाठ सोडली आणि नऊ गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "अहो, मला वाटलं, आधीच तुमचा एवढा खर्च. त्यात यकृत बिघडलं तर आणखी वाढायचा. डोकं दुखतं म्हणून कोणाला कशाला सांगायचं?" मी काय बोलणार? सांगायचे असते, हे तिला कळावे असे मी कधी वागलोच नव्हतो. चिडली तेव्हा तिचा स्वभाव काढला, दुखले तेव्हा तिला विचारले नाही, आणि भीती मात्र भरपूर वाचून दाखवली.

शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले. निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेला तो प्रथिनांचा द्रव प्लीहेला काही दिवस गुंतवून ठेवतो. पाडव्याला ओवाळणी झाली नाही. भाऊबिजेला आकडा पंचावन्न हजार आला आणि तिच्या भावाने खाटेवरच ओवाळून घेतले, निरांजनाऐवजी मोबाईलच्या दिव्याने. नर्सबाईंनी त्यालाही परवानगी विचारायला लावली.

गोळी पुन्हा सुरू झाली, कमी डोसात. डोकेदुखी थोडी परत आली. तेव्हा बाईंना ती सांगितली, त्यांनी रक्तदाब पाहिला, साधा उपाय सांगितला, आणि तीन आठवड्यांत ती ओसरली. एसजीपीटीही हळूहळू खाली आला. ज्या दोन भीतींनी ती मरणाच्या दारात गेली, त्या दोन्ही एका भेटीत सांगण्याजोग्या होत्या.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. डाव्या पानावर तारीख, गोळीची वेळ, प्लेटलेट, यकृताचे आकडे. उजव्या पानावर तिला काय झाले ते. डोके, पोट, झोप, लघवीचा रंग, डोळ्यांचा पिवळेपणा, पोटरीची सूज, मन. उजवे पान तीच लिहिते, मी त्यात शुद्धलेखनही सुधारत नाही. भेटीला गेलो की वही बाईंपुढे उघडी ठेवायची आणि मी गप्प बसायचे. नेत्रतपासणीही वहीत नोंदलेली असते, कारण मोतीबिंदू खरोखरच पाहावा लागतो.

या गोळीच्या वाटेला जाण्याची वेळ फार थोड्या घरांवर येईल, आणि येऊ नये. पण मोठे औषध हल्ली प्रत्येक घरात कोणी ना कोणी घेतेच. तेव्हा मास्तरकीची शेवटची हौस म्हणून एवढेच सांगतो. औषधाने त्रास होतो आहे असे वाटले तर तो मुकाट्याने सोसू नये, आणि मुकाट्याने औषधही सोडू नये. तो खरा की खोटा याचा निवाडा स्वयंपाकघरात होत नाही. तो लिहावा, आणि ज्याने औषध दिले त्याला सांगावा. आणि ज्यांच्या घरी दुसरे कोणी औषध घेत असेल त्यांनी, माझ्यासारख्यांनी, आधी विचारावे आणि मग कागद वाचावा. वाचायचा तर दोन्ही बाजूंनी.

आज सौ.ची गोळी चालूच आहे. आकडा कधी साठ हजार, कधी नव्वद. फराळाची चकली तळताना बोट भाजले तर आता ती मला हाक मारून सांगते, आणि अलीकडे जरा जास्तच सांगते, अशी माझी तक्रार आहे. लक्ष्मीपूजनाला पाटावर जमाखर्चाच्या वहीशेजारी ती लाल वहीही ठेवतो. हळदकुंकू सौ.च वाहते. मी निरांजन धरून उभा असतो, आणि उजव्या पानावर आज काय लिहिले आहे ते, तिने दाखवल्याशिवाय, पाहत नाही.